तसबिरीतून काढलेली माणसं

उंद्री, ता. चिखली
१८ नोव्हेंबर २०२४

राजकुमार,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. वापीचा पत्ता चिखलीच्या हबीबभाईंनी दिला. फोटो स्टुडिओवाले हबीबभाई, तुझ्या वर्गातल्या कामरानचे वडील. कामरानचं आणि तुझं अजून बोलणं आहे हे मला माहीत नव्हतं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागलो होतो.

तुझ्या मायची तब्येत बरी नाही. म्हणजे अंगानं धड आहे. जेवते, अंगण झाडते, तूर निवडायला बसवली तर निवडत बसते. पण डोक्यातलं एकेक निघून चाललं आहे. दुकान बंद करून दोन वर्षं झाली, तरी सकाळी उठली की म्हणते, "शटर उघडा, गिऱ्हाईक उभं हाय." बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी थोडं सावकाश होईल, थांबणार नाही, असं ते स्पष्ट बोलले.

हे मी एवढ्यात कळवलंही नसतं, पण दिवाळीच्या आधी एक गोष्ट झाली. समोरच्या खोलीत दीपकची तसबीर आहे, हार घातलेली, ती तुला माहीत आहे. एके दिवशी सकाळी तुझी माय त्या तसबिरीसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "अहो, ह्याले हार कोनं घातला? चांगल्या पोराच्या फोटोले हार घालतेत का?"

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. ती खाली बसली आणि दीपक गेला त्या दिवशी रडली होती तशीच रडली. शेजारच्या गीताबाई धावत आल्या. दुपारी जेवली, झोपली, उठली, आणि पुन्हा तसबिरीसमोर जाऊन मला तेच विचारलं. पुन्हा तेच रडणं. पाच वर्षांपूर्वी आपल्या घरात एकदा झालं ते आता रोज व्हायला लागलं, राजकुमार. रोज सकाळी तिचा पोरगा नव्यानं मरायचा.

शेवटी मी तसबीर काढून ठेवली. वाटलं, मिटलं. तर ती बाकीच्यांकडे वळली. भिंतीवर तसबीर म्हणजे माणूस गेलेला, एवढं तिच्या डोक्यात पक्कं राहिलं आहे. तिनं आजोबा-आजीच्या फोटोंना कुंकू लावलं, तिथवर ठीक. मग आमच्या लग्नाच्या फोटोतल्या माझ्या कपाळाला लावलं. मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, "अवं, मी हाय की." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एक फूल जास्तीचं ठेवलं. हसू आलं मला. पण मग ती तुम्हा दोघांच्या शाळेच्या फोटोकडे गेली, तेव्हा मी स्टूल घेतलं आणि सगळ्या तसबिरी उतरवल्या. काचा, लाकूड, खिळे, सगळं माळ्यावर टाकलं. गजानन महाराजांची तेवढी राहू दिली.

मग नुसते फोटो हातात राहिले. पेटीत ठेवले तर ती घरभर शोधत फिरली. "मानसं कुठी गेली सारी?" आता तसबीर नको आणि फोटो तर पाहिजेत. हबीबभाईंच्या स्टुडिओत तारेवर चिमट्यानं फोटो लटकवलेले असतात, ते मला आठवलं. खिडकीच्या गजापासून दाराच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावले. ती आली, पाहिलं, म्हणाली, "वाळत घातले का? बरं केलं." त्या दिवशी कुंकवाची डबी तिनं उघडली नाही.

तुझ्याकडे मागणं एवढंच. तुझा मोठेपणीचा एकही फोटो घरात नाही. तुझं लग्न झालं, मुलगी झाली, हे कामरानकडून कळलं. तुमच्या सगळ्यांचे फोटो पाठव. चिठ्ठी लिही असं म्हणत नाही. ये असंही म्हणत नाही.

तुझा बाप,
मोतीराम


उंद्री
१२ डिसेंबर

राजकुमार,

पाकीट मिळालं. चिठ्ठी नव्हती, पण फोटोंच्या मागे नावं लिहिली आहेत, ते अक्षर सूनबाईंचं असणार. सूनबाई पुष्पांजली, नात प्रेरणा. मी पहिल्यांदा नावं वाचली, मग फोटो पाहिले. प्रेरणाचं कपाळ तुझ्या आजीसारखं आहे. गीताबाईंनाही दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि पदरानं पुसून परत दिले.

फोटो कसे लावले ते सांगतो. सुतळीवर नाही लावले. तिथं एक अडचण झाली होती. शेजारच्या पोरानं येता येता पंख्याचं बटण दाबलं आणि सगळे फोटो फडफडायला लागले. तुझी माय किंचाळली. म्हणे, "हे सारे मले हात करून राह्यले, जाऊन राह्यले." तिला वाटलं, सगळे निरोप घेत आहेत. त्या दिवसापासून सुतळी सोडली.

मग मला दुकानातल्या बरण्या आठवल्या. गोळ्या-बिस्किटांच्या, काचेच्या, लाल झाकणाच्या. धुऊन उन्हात ठेवल्या आणि एकेका बरणीत एकेक फोटो सरकवला. फोटो काचेला आतून चिकटून उभा राहतो, धूळ नाही, तेलाचे हात नाहीत, आणि बरणी उचलून कुठंही नेता येते. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दोन दिवसांनी पाहतो तर सगळी झाकणं उघडी. म्हणे, "लेकरं कोंडून काऊन ठेवली? जीव घाबरते त्यायचा."

मी झाकणं लावली की ती काढायची. शेवटी फोटोही काढून घेतले.

आता जे केलं आहे ते टिकलं. हबीबभाईंनी सांगितलं, फोटोला डिंक लावू नका, वाया जातो. नुसते कोपरे करा. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तिकोनी कोपरे कापले, साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवले आणि त्यांत फोटो खोचले. फोटोला काही लागत नाही, हवा तेव्हा निघतो. पुठ्ठ्याला मागून टेकू दिला आणि तिच्या बाजेजवळ, भिंतीच्या कडेनं, ती पडल्या पडल्या पाहील अशा उंचीवर रांगेत मांडले. नवीन तुमचे. तू आणि प्रेरणा तिकडच्या कुठल्याशा दुकानासमोर उभे आहात तो मधोमध.

तो तिला फार आवडला आहे. दिवसभर त्याच्याशी बोलते. सकाळी चहाची बशी आधी त्याच्यासमोर नेते, मग स्वतः पिते. खुश आहे. आणखी फोटो असतील तर पाठव.

हरभरा चांगला आहे. थंडी वाढली आहे. प्रेरणाला लोकरीचं घालत जा, असं सूनबाईंना सांग. वापीत थंडी पडते की नाही, कोण जाणे.

तुझा बाप


उंद्री
९ जानेवारी २०२५

राजकुमार,

तुझी ओळ मिळाली. "माय मला ओळखते का? खरं सांगा." एवढंच लिहिलंस. पाच वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही.

खरं सांगतो. मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण अर्धंच लिहिलं होतं. ती त्या फोटोशी दिवसभर बोलते हे खरं. त्याला चहा नेते हे खरं. पण ती त्याला दीपक म्हणते.

पाकीट आलं त्याच दिवशी झालं ते. मी तुझा फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "हा पाह्य, राजकुमार." ती म्हणाली, "काहीतरीच. राजकुमार तं लहान हाय. हा माहा दीपक." मग प्रेरणाकडे बोट दाखवून म्हणाली, "दीपकले पोरगी झाली, अन् मले कोनं सांगतलं नाही?" तिचा चेहरा असा काही उजळला की मी त्या चेहऱ्याकडे पाहूनच हो म्हणालो. नंतर ते बदलता आलं नाही. आता दीपक वापीला आहे, कंपनीत आहे, त्याला सुट्टी मिळत नाही. आणि तू शाळेत आहेस. संध्याकाळ झाली की विचारते, राजकुमार आला का शाळेतून.

मी हे लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू फोटो पाठवणं बंद करशील.

आता तू विचारलंच आहेस तर एक गोष्ट मोकळी बोलतो. गाडी तू चालवत होतास, खामगाव रोडला उभी ट्रॉली तुला अंधारात दिसली नाही, मागे बसलेला दीपक गेला आणि तू वाचलास. हे जगात कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. पण तेराव्याला भरल्या घरात ती तुला म्हणाली, "तू काऊन वाचला?" आणि तू त्याच पावली निघून गेलास. तुझ्या जागी मीही गेलो असतो.

ते वाक्य तिला आता आठवत नाही. मी खात्री करून घेतली आहे. तेराव्याचं काही नाही, ट्रॉलीचं नाही, तू गेल्याचं नाही. तिच्या डोक्यातून ते पुसलं गेलं. ते आता फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे आहे. तू तिच्या तोंडून काही ऐकायची वाट पाहत असशील, की ती म्हणेल चुकलं माझं, तर ते यायचं नाही. पण राग म्हणशील तर तोही राहिलेला नाही. तू आलास तर ती तुझ्या तोंडावरून हात फिरवेल. दुसऱ्या नावानं फिरवेल. तेवढं चालत असेल तर ये. ह्या वेळी मी ये म्हणतो आहे.

तुझा बाप


उंद्री
१९ फेब्रुवारी

राजकुमार,

शेगावहून गाडी मिळाली असं कामराननं कळवलं. तुम्ही घरी नीट पोहोचलात, प्रेरणाला प्रवासात ताप आला होता तो उतरला, हेही त्याच्याकडून कळलं.

तू घरात होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी मी ते ओळीनं लिहितो, कारण तू ज्या तोंडानं निघून गेलास त्यावरून मला वाटतं, तू काहीतरी वेगळंच सोबत नेलं आहेस.

तुम्ही बापलेक दारात आलात तेव्हा ती बाजेवरून चप्पल न घालता धावली. "दीपक आला. अहो, दीपक आला." तुझ्या तोंडावरून हात फिरवला. प्रेरणाला उचलून घेतलं. गीताबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. माझ्या घरात पाच वर्षांत असा आवाज झाला नव्हता. तू मान खाली घालून उभा होतास. मला वाटलं, ठरवून आला आहेस, निभावून नेशील.

जेवताना तिनं तुला भाकरी कुस्करून दिली, ठेच्यावर तेल घातलं. दीपकला तसंच लागायचं. तू खाल्लंस. मग ती म्हणाली, "राजकुमारले काऊन नाही आनलं रे संगं? त्याले म्हना, माय लई आठवन काढते. लई दिवस झाले त्याले पाह्यलं नाही."

तिथं तुझा घास हातात राहिला. मी पाहत होतो. तुला खुणावलंही, पण तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू म्हणालास, "माय, मीच राजकुमार हाव."

ह्यात तुझी चूक नाही. दारातून आत आल्यापासून पहिल्यांदा कोणी तुझं नाव घेतलं होतं, तेही एवढ्या मायेनं. त्याला ओ द्यायची नाही तर काय करायचं? मी तुझ्या जागी असतो तर मीही बोललो असतो.

"तू राजकुमार?" ती म्हणाली. "मंग दीपक कुठी हाय?"

मी मध्ये बोललो, "वापीले हाय, कामावर." पण तिनं मला हातानं गप्प केलं आणि तुझ्याकडेच पाहत राहिली. तू सांगितलंस. दीपक गेला माय, माझ्या गाडीवरून गेला. प्रेरणा समोर होती म्हणून गीताबाईंनी तिला उचलून त्यांच्या घरी नेलं.

पुढचं तू ऐकलंस. मी ते पुन्हा लिहीत नाही. पण तुला वाटत असेल की तिला सगळं आठवलं, की ते वाक्य तिनं इतकी वर्षं मनात जपून ठेवलं होतं आणि तू समोर आल्याबरोबर काढून तुझ्या तोंडावर मारलं, तर तसं नाही. मी खूप विचार केला. तिला काही आठवलं नव्हतं. तिच्या लेखी तिनं ती बातमी त्या घडीला पहिल्यांदा ऐकली, आणि तिच्या तोंडात तेराव्याला जे आलं होतं तेच नव्यानं आलं. तेच शब्द, तोच सूर. मी तुला लिहिलं होतं की ते पुसलं गेलं. मी मूर्ख होतो. ते लिहिलेलंच नव्हतं, तर पुसलं जाणार कसं? तो गेला आणि तू समोर आहेस, हा धक्का बसला की तिच्यातून तोच आवाज निघतो. शंभर वेळा बसला तर शंभर वेळा निघेल.

तू प्रेरणाला गीताबाईंकडून घेतलंस आणि तडक बसस्टँडवर गेलास. मी मागे आलो होतो, पण ती घरात एकटी होती म्हणून पाराजवळून परत फिरलो. घरी आलो तर ती ताटं गोळा करत होती. डोळे सुजलेले, पण का सुजले हे तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "पाव्हने जेवून गेले का?" म्हटलं, "हाव." म्हणाली, "मंग एक ताट अर्धं काऊन हाय?"

आता जे लिहायचं ते लिहितो. येऊ नकोस, राजकुमार. मीच तुला बोलावलं आणि मीच सांगतो, येऊ नकोस. तू दीपक होऊन तिच्यासमोर बसू शकत नाहीस, आणि राजकुमार होऊन बसलास की ती तेच बोलणार. आज ती विसरते, तू विसरत नाहीस. तिच्यावर त्या वाक्याचा भार पडत नाही, सगळा तुझ्यावर पडतो. तो पुन्हा तुझ्यावर टाकायला मी माझ्या हातानं तुला बोलावणार नाही.

तुझे फोटोही मी तिच्याजवळून काढले आहेत. तुझा फोटो दिसला की दीपकचं नाव निघतं आणि दीपकचं नाव निघालं की ती त्याला शोधायला दाराशी जाते. ते मी बंद दुकानात, कपाटाच्या दाराला आतून लावले आहेत. दार उघडलं की मला दिसतात. ती तिकडे येत नाही.

सूनबाईंना सांग, एकट्या प्रेरणाचा फोटो असेल तर पाठवा. तिची जागा रांगेत रिकामी ठेवली आहे.

मी गेल्यावर कसं करायचं ते मला सुचत नाही. गीताबाई म्हणतात, तेव्हाचं तेव्हा. तुझ्यावर त्याची जबाबदारी नाही, हे ह्या पत्रात लिहून ठेवतो.

तुझा बाप


उंद्री
२७ मार्च

राजकुमार,

प्रेरणाचे फोटो मिळाले. सगळे चांगले आहेत. त्यातला एक बाजूनं कापलेला आहे. प्रेरणा कुठल्यातरी बागेत कठड्यावर उभी आहे आणि कडेला तुझा हात राहिला आहे, मनगटापासून पुढचा. तिचा दंड धरलेला. कातर तूच चालवली असशील. धार सरळ आली आहे.

तोच तिला आवडला. मी कोपऱ्यांत खोचत होतो, तर तिनं माझ्या हातातून घेतला आणि उन्हाला जाऊन बसली. आता ती नावं फारशी घेत नाही. दीपकचंही घेत नाही. गेल्या आठवड्यापासून मला 'अहो'ही म्हणत नाही, दुकानवाला म्हणते. राजकुमार शाळेतून आला का, हे विचारणंही बंद झालं आहे.

"कोनाची पोरगी हे?" तिनं विचारलं.

नात म्हटलं असतं तर कोणाची, हे आलंच असतं. म्हणालो, "पाव्हन्याची."

"ग्वाड हाय." मग तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि कडेला बोट ठेवलं. "अन् हा हात कोनाचा?"

"तिच्या बापाचा."

ती पुष्कळ वेळ त्या हाताकडे पाहत राहिली. मला वाटलं, विसरली काय विचारलं ते. मग म्हणाली, "चांगला बाप हाय. धरून ठेवलं त्यानं. नाही तं पडली असती लेकरू."

ती असं म्हणाली, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. कोणाविषयी म्हणाली हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

तुझा बाप,
मोतीराम